कोणते सूर्यवंशी?

खोली शोधणाऱ्याला खोली मिळो न मिळो, किस्सा हमखास मिळतो! लातूरच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असे किस्से इतके साठलेत की चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत. हसतो आम्ही लई. पण ऐकताना मी आतून भिऊन बसलेली असते, ते कुणाला दिसत नाही.

*

फिजिक्सच्या शबाना मॅडमनी फोनवर खोली विचारली. मालक म्हणाला, "रिकामी हाय, आत्ताच या!" मॅडम रिक्षा करून गेल्या, नाव सांगितलं. "अरेरे, आत्ताच गेली की हो!"

मॅडमनी गेटबाहेरूनच आमच्या देशमुख सरांना फोन केला. सरांनी लगेच त्या मालकाला लावला. "देशमुख बोलतोय. खोली हाय का?"

"हाव सर, तुमच्यासाठीच ठेवलीय!"

सर भडकले. गाडी काढून तिथं गेले आणि म्हणाले, "ठेवलीय ना? मग ह्या मॅडमला द्या!" मालकानं दार लावून घेतलं.

*

दुसऱ्याच दिवशी सरांनी स्टाफरूमच्या कपाटाला आतून एक यादी चिकटवली. आडनाव न विचारता खोली देणारे मालक! नवीन माणूस आला की आधी ही यादी दाखवायची. यादीबाहेरच्या मालकाकडं जायचं असेल तर सर सोबत जाणार, आणि नाही म्हणाला तर कारण तोंडावर विचारणार.

वर्षभरात यादीत नावं किती? तीन! त्यातला एक तर सरांचा सख्खा मेहुणा.

*

माझी मालकीण त्या यादीत नव्हती. मी लॅब असिस्टंट, गाव मुखेड, आडनाव सूर्यवंशी. सूर्यवंशी मराठ्यांतही असतात आणि आमच्या बौद्धांतही. त्यामुळं किल्ली देताना काकूंनी विचारलंच, "कोणते सूर्यवंशी?"

तोंडातून निघालं, "मुखेडचे."

काकूंचा किल्लीचा हात मधेच थांबला. बराच वेळ माझ्याकडं बघितलं, मग किल्ली दिली. आधीच्या दोन खोल्या ह्याच प्रश्नानं गेल्या होत्या. ही पण गेली तर रोज मुखेडहून एसटीनं ये-जा जमणार नाही, म्हणजे नोकरीच गेली.

तेव्हापासून मी भिऊनच राहतेय. काकूंकडं कधी पाहुणा नाही की सोयरा नाही. सगळं लक्ष माझ्याच दाराकडं असणार, असं मला वाटायचं.

*

काकूंची अट होती, घरात अंडंसुद्धा चालणार नाही. मग अंडी उकडली की टरफलं डब्यात भरून कॉलेजला न्यायची आणि लॅबच्या बादलीत टाकायची. एक दिवस शिपाईमामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, लॅबात कोंबड्या पाळून राहिलात का?"

स्टाफरूम फुटली हसून! मी पण हसले. घरी जाऊन पातेलं तीनदा घासलं.

*

आणि मग आई आली. त्याआधी आठ दिवस फोनवर तालीम चालू होती. "आई, काकू भेटल्या की नमस्कार म्हणायचं. जयभीम नाही."

आई चिडली. "जलमभर तोंडात हाय ते गिळू का म्या?"

"खोलीसाठी गं, आई!"

माझी मलाच लाज वाटली. पण भीती त्या लाजेहून मोठी होती.

काकूंनी आम्हाला चहाला बोलावलं. आईनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघत बघत, पाठ केल्यासारखं म्हणाली, "नमस्कार, ताई."

काकू आईच्या तोंडाकडं बघतच राहिल्या. हातातला ट्रे कलला, चहा बशीत सांडला. ओळखलं हिनं! सामान कुठं न्यायचं, एवढंच डोक्यात येत होतं.

काकूंनी ट्रे खाली ठेवला. रस्त्याकडचं दार लावून कडी घातली. खिडकीही ओढून घेतली. मग आईजवळ येऊन जमिनीवरच बसल्या, तिचा हात धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"जयभीम, आक्का. म्या बी मुखेडचीच, हितं कुणाला ठाव न्हाई. पोरगी मुखेडची म्हणाली, तवापासनं मला झोप न्हाई."