पोखऱ्यातलं ‘सेव्ह’चं बटण

“अपंगांना शिकवायला पुण्यात कुणी उरलं नाही का?” रजा मंजूर झाल्याचं सांगितल्यावर बाबांनी पेपरमागून एवढंच विचारलं. मी जाऊन तिकीट काढून आले. नेपाळमध्ये पोखऱ्याला अपंगांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या एका संस्थेला तीन आठवडे कॉम्प्युटर शिकवणारं माणूस हवं होतं, आणि वारज्याहून रोज हिंजवडीला जाऊन बँकेच्या सॉफ्टवेअरचे फॉर्म बनवायचा मला कंटाळा आला होता. खरं कारण एवढंच.

पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौलीची सीमा. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. पाचशेच्या नोटा मात्र तिकडे घेत नाहीत, शंभराच्याच न्या. पुढे घाटातून दिवसभर बस. गाडी लागत असेल तर पुढची सीट धरा. मी धरली नाही आणि भोगलं.

संस्थेत दोन्ही वेळा डाळ-भात आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. ताटावर हात आडवा धरेपर्यंत वाढत राहतात.

माझी विद्यार्थिनी सरिता, वय चोवीस, जन्मापासून अंध. पडद्यावरचा मजकूर कॉम्प्युटर बोलून दाखवायचा आणि ती झरझर टाइप करायची. माझ्या शेवटच्या आठवड्यात तिची एका हॉटेलात बुकिंगच्या कामासाठी मुलाखत होती. आधीच्या दोन हॉटेलांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. सरावासाठी मी बुकिंगचा फॉर्म बनवला. नाव, तारीख, खोली सगळं ती भरायची, शेवटचं ‘सेव्ह’ मी माउसनं दाबून टाकायचे. तेवढ्यानं काय होतंय, असं वाटायचं.

मुलाखतीच्या चार दिवस आधी तिथल्या शिक्षिकेनं मला बाहेर बसवून चाचणी घेतली. सरिता ‘सेव्ह’पाशी अडकली. कीबोर्डवरून त्या बटणापर्यंत पोचताच येत नव्हतं. अंध मुलीसाठी मी माउसवर चालणारा फॉर्म बनवला होता. मला फार लाज वाटली.

“दीदी, तुम्ही पुण्याला गेल्यावर हे कोण दाबणार?” तिनं हिंदीत विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

मी फॉर्म दुरुस्त केला, माउस कपाटात टाकला आणि उरलेले दिवस हात मांडीवर ठेवून बसले.

मुलाखतीला सोबत गेले, पण तोंड मिटून. सरितानं बसल्या बसल्या मॅनेजरला विचारलं, तुमचं ‘सेव्ह’ कीबोर्डवरून दाबता येतं का. त्यांना ठाऊक नव्हतं. करून पाहिलं, तर येत नव्हतं. ते नंतर कळवतो म्हणत उठले. मला वाटलं, संपलं. सरिता जागची हलली नाही. बटण दुरुस्त करून घ्या, मी सोमवारी परत येते, असं तिनं शांतपणे सांगितलं.

पुण्यात ऑफिसला गेल्यावर पहिल्याच दिवशी मी माझा माउस काढून ठेवला आणि आमचा बँकेचा फॉर्म उघडला. ‘सेव्ह’ हाती लागेना. मी माझ्याच कामाविरुद्ध तक्रार नोंदवली.

“त्या बँकेत अंध लोक काम करतात का?” टीम लीडनी विचारलं.

“हा फॉर्म असेपर्यंत कसे करतील?”

काल सरिताची ई-मेल आली. ती चार सोमवार त्या हॉटेलात गेली. चौथ्या सोमवारी बटण चाललं, एक तारखेपासून ती कामावर आहे. बाबांना वाचून दाखवली, तर त्यांनी पेपर खाली ठेवून पुन्हा वाचायला लावली.

माझं बटण अजून चालत नाही. लीडना सांगून ठेवलंय, मी सोमवारी परत विचारणार आहे.