सिंधूअक्काच्या अंगणातल्या ताई

फोन आला तेव्हा मी बाजार करून साक्रीच्या स्टँडवर उभी होते. जळगावहून ताईंचा भाऊ बोलत होता. सकाळी चहा करता करता ताई ओट्याजवळ कोसळल्या, दवाखान्यात न्यायच्या आत गेल्या… मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले आणि समोरून आमची एसटी निघून गेली. अजूनही खरं वाटत नाही.

ताई समाजकार्याच्या कॉलेजात शिकवायच्या. नवऱ्यानं टाकलेल्या बायका कशाच्या जोरावर उभ्या राहतात, याचा त्या अभ्यास करत. त्यासाठी आमच्या गावी यायच्या. आमच्याकडे लग्नघरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायला सगळ्या गल्लीला बोलावतात, टाकलेलीला नाही. म्हणून शेजारच्या सिंधूअक्कानं आम्हा टाकलेल्यांना आपल्याच अंगणात जमवलं होतं. ताईंनी आल्या आल्या प्रश्न विचारले नाहीत. हात ओले केले आणि ज्वारीच्या गरम चिकाला भिडल्या. त्यांचा पहिला बिबडा बघून अक्का म्हणाली, "ताई, हाऊ बिबडा शे का धुळे जिल्हाना नकाशा?"

"मग साक्री कुठे ते दाखवा," ताई म्हणाल्या.

हळूहळू एकेकीनं आपलं सांगितलं. मीच राहिले. त्या घरातून मला कसं काढलं, हे मी माहेरीही बोलले नव्हते. ताईंनी कधी घाई केली नाही. या खेपेला त्या आल्या की सांगायचं, असं मी ठरवलं होतं…

दहाव्याला अक्का आणि मी जळगावला गेलो. ताईंच्या आईनं आम्हाला जवळ बसवलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "हिलाही टाकलंच होतं ना. लग्नाला वर्षही झालं नव्हतं."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. इतकी वर्षं आमच्यात बसल्या, आणि एक शब्द नाही.

परतीच्या एसटीत पारोळं मागे पडलं. मग अक्का म्हणाली, "आपुन तिले कधी इचारंच नही व माय."

ताई ऐकताना कधी समोर बसायच्या नाहीत. शेजारी बसायच्या, नजर हातातल्या कामावर. अक्काही तशीच शेजारी होती, पुढच्या सीटकडे बघत. मी बोलायला लागले. कुठून सुरुवात केली, आठवत नाही. धुळं आलं, गाडी रिकामी झाली, तरी माझं संपेना. कंडक्टर दोनदा म्हणाला, उतरा बाई, गाडी इथपर्यंतच आहे.

अक्का जागची हलली नाही. "थांब ना भाऊ," ती म्हणाली, "ती बोली राहिनी."