भिस्तीचाचांची फुलं

भिस्तीचाचांकडे कोणी गेलं, की ‘या, बसा’ म्हणण्याआधी ते विचारायचे, “हात कोठे धुशात?” नव्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ कळत नसे. मग चाचा त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि स्वतःच ठरवून टाकत. उन्हातून दमून आलेल्याला मोगऱ्यापाशी नेत, कारण दमलेला माणूस तोंडावर, पायांवर भरपूर पाणी घेतो आणि मोगऱ्यालाही ते हवं असतं. शेतावरून मातीचे पाय घेऊन आलेला गुलबक्षीपाशी. कचेरीतले कारकून नुसती बोटं ओली करतात, म्हणून त्यांच्या वाट्याला कोरफड. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्यांनी तगरीजवळ उभं केलं. म्हणाले, “मास्तरीनबाई, तुमना हातले खडू लागेल शे. तगरले चालस.”

त्यांचं खरं नाव आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. नंदुरबारात ते आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील, आजे पाणी वाहत आले होते. पाठीवर बकऱ्याच्या कातड्याची मशक, कमरेला मळकट लुंगी आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली. पहाटेपासून ते विहिरीवरून पाणी भरून बाजारात शिंपडत, कचेरीतल्या वाळ्याच्या ताट्या भिजवत, मुसाफिरखान्याचे रांजण भरत. आमच्यासारख्या घरांत मशकीचं पाणी पिण्याला चालत नसे. ते धुण्याभांड्याला. चाचा मागच्या दाराने येत, दगडी डोणीत पाणी ओतत आणि एक थेंबही बाहेर न सांडता निघून जात. चाळीस वर्षं त्यांनी त्या गावाला पाणी पाजलं, पण अर्ध्या गावाच्या माठाला त्यांचा हात कधी लागला नाही. याबद्दल ते कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

मी समुद्राकाठची, अष्टागरातली. शिक्षिकेचा अभ्यासक्रम संपवून मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली ती थेट या खानदेशात. आईला घेऊन आले. गावाहून येताना ट्रंकेत कपड्यांपेक्षा अबोलीची रोपं आणि अनंताच्या फांद्याच जास्त होत्या. आमच्याकडे काहीही खोचावं आणि ते वाढावं, अशी माती. त्याच भरवशावर मी इथे अंगणात सगळं लावलं आणि रोज सकाळी कळशीभर पाणी वरून धो धो ओतत राहिले. फाल्गुन संपायच्या आत पानं कुरकुरीत होऊन गळाली. शेवटची अबोली उपटून कुंपणाबाहेर टाकत होते, तेव्हा चाचा मशक घेऊन आले. त्यांनी ते रोप उचललं, मुळं बघितली आणि मला विचारलं,

“बाई, तुमले तहान लागनी म्हनीसन कोनी तुमना डोकावर पानी वतस का?”

मला हसू आलं, रागही आला. म्हणाले, “पानी झाडले नका दखाडू. मुळीले दखाडा.” आणि त्या संध्याकाळी मला त्यांची बाग बघायला बोलावलं.

बाग म्हणजे काय, दोन खाटा मावतील एवढं अंगण. पण त्यात पाय ठेवला आणि बाहेरचं ऊन मागे राहिलं. मोगरा, तगर, सदाफुली, लाल कण्हेर, भिंतीवर चढलेली जाई. प्रत्येक आळं जमिनीच्या खाली वीतभर खोल, आणि त्यावर शेंगांच्या टरफलांचा जाड थर. तेलघाणीवाले ती टरफलं जाळत. चाचा रिकाम्या हाताने परतताना पोतंभर घेऊन येत. कुंभाराकडची चीर गेलेली, वाकडी झालेली मडकी त्यांनी झाडांच्या मुळांशी गळ्यापर्यंत पुरली होती. त्यात लोटाभर पाणी घालायचं आणि वर खापरी झाकायची. मडकं सावकाश पाझरे, आणि मूळ आपल्याला हवं तेवढं पिऊन घेई. “झाड लाजाळू शे,” चाचा म्हणाले. “त्याले लोकेसमोर पेवाले नही आवडत.”

त्या घरात पाण्याचं एकच काम कधी होत नसे. तांदूळ धुतलेलं पाणी सदाफुलीला, राखेने भांडी घासलेलं पाणी कण्हेरीला. दिवसातून पाच वेळा, नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, चाचा वजू करत ते एका ठराविक दगडावर बसून. त्या दगडाला त्यांनी स्वतः छिन्नीने बारीक पन्हळ पाडली होती, ती सरळ मोगऱ्याच्या आळ्यात उतरे. पाचव्या नमाजापर्यंत मोगऱ्याचंही पोट भरलेलं असे. मी कौतुकाने म्हटलं, “चाचा, पाण्यासाठी किती अक्कल चालवली तुम्ही!” तेव्हा ते म्हणाले, “पानी शे तठे अक्कल लागत नही, बाई. तुमनी काय चूक?” मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, पण मी बरेच दिवस त्या वाक्याने ओशाळत होते.

अंगणाच्या कोपऱ्यात कडुलिंबाच्या फांदीखाली एक गावठी गुलाब होता. फिकट गुलाबी, विसकटलेल्या पाकळ्यांचा, पण वासाला असा की गल्लीच्या तोंडापासून कळावं. तो त्यांच्या बायकोने लावलेला. मुलगी जुलेखा चार वर्षांची असताना बायको गेली. गुलाबाला चाचा कधी लोट्याने पाणी घालत नसत. कामावरून आले की रिकामी मशक ते त्याच्या डोक्यावरच्या फांदीला टांगत. कातड्यात राहिलेलं पाणी सकाळपर्यंत थेंब थेंब गळे. गुलाबाचं एवढंच. “दिनभरनी जी कमाई, तीमाधलं तिले देस,” असं ते म्हणत. झाडाला म्हणत की बायकोला, ते मी विचारलं नाही.

पुढे एक वर्ष असं आलं की पाऊस पाठ फिरवून गेला. माघातच विहिरींचे तळ दिसू लागले. बायका भल्या सकाळपासून घागरींची रांग लावत. त्या दिवसांत एकदा मी विहिरीवर गेले ती केसांत चाचांनी दिलेला मोगऱ्याचा गजरा माळून. शेजारच्या सोनामायने विचारलं, “कोठली व माय एवढी फुलं?” आणि मी हसत हसत बोलून गेले, “चाचांकडे अजून टोपलीभर निघतात. एवढं पाणी आणतात तरी कुठून, कोण जाणे!”

मी कौतुकानेच बोलले होते. पण तहानलेल्या रांगेत ते वाक्य कौतुक म्हणून फार वेळ टिकलं नाही. माझी घागर भरायच्या आधीच रांगेच्या टोकाला ते निराळं होऊन पोचलं होतं. भिस्ती लोकांच्या वाटणीचं पाणी चोरतो. माणसं मरताहेत आणि हा फुलं फुलवतो. दुसऱ्या दिवशी एका कापडवाल्याने दुकानासमोर शिंपडायचं काम काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी मुसाफिरखान्याच्या मुकादमाने सगळ्यांदेखत विचारलं, “काय चाचा, आमचे रांजण अर्धे, आणि तुमचा मोगरा भरलेला?” सोनामाय तर गल्लीत उभी राहून मोठ्याने बोलू लागली. तिची दुभती म्हैस पाण्यावाचून आटली होती, तिचाही जीव पोळलेला होता.

मी शाळेतून धावत चाचांकडे गेले. म्हटलं, “माझ्या तोंडून गेलं. मी सगळ्यांना सांगते.” चाचा मडक्यावरची खापरी नीट बसवत होते. म्हणाले, “सांगीसन काय व्हई? कानवरी गयं ते कानवरी निंघत नही. डोयाले दखाडनं पडस.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टी केल्या. अंगणाचं दार दिवसभर सताड उघडं ठेवलं, आणि काम संपलं की मशक घरी आणणं बंद केलं. विहिरीजवळच्या लिंबाला, सगळ्यांच्या नजरेसमोर, ते ती टांगून येत आणि मोकळ्या हाताने घरी जात. घरातलं पाणी म्हणजे जुलेखा रांगेत उभी राहून आणे ती एक घागर, इतरांसारखीच. बायका येता-जाता दारातून डोकावू लागल्या. सोनामाय तर सरळ आत शिरली आणि ओट्यावर ठाण मांडून बसली. दोन दिवस बसली. तिने तांदळाचं पाणी कुठे जातं ते पाहिलं, वजूचं पाणी पन्हळीतून उतरताना पाहिलं. टरफलांचा थर उकरून खालची माती बोटांनी चाचपली. ती ओलसर होती. मोगरा फुलतच होता.

सुकत होता तो फक्त गुलाब.

पाचव्या दिवशी त्याच्या कळ्या मान टाकून काळ्या पडल्या. सहाव्या दिवशी पानं झडू लागली. मला राहवेना. घरून माझ्या वाटणीच्या पाण्यातला तांब्या भरून नेला आणि आळ्यात ओतणार, तोच चाचांनी माझा हात वरच्या वर धरला. त्यांनी मला स्पर्श केल्याची ती एकच वेळ.

“आते नको, बाई. लोके देखी ऱ्हायनात.”

“बघू देत की! माझं पाणी आहे.”

“तुमनं शे ते तुमले ठाऊक. त्या म्हनतीन, भिस्तीना गुलाबले कोनी तरी चोरीछुपे पानी घालस. मंग हाई इतला दिन वाया गयात.”

मी तांब्या घेऊन परत आले. घरी येऊन आईसमोर रडले. आठव्या दिवशी गुलाबाची फांदी मोडली तर कट्‌ असा आवाज आला. आत हिरवं काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी सोनामायने जे केलं ते मी शाळेच्या सुट्टीत घरी येताना पाहिलं. आयुष्यभर मशकीची सावली घागरीवर पडू न देणारी ती म्हातारी. तिने लिंबावरची मशक काढली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि भर गल्लीतून चालत चाचांच्या अंगणात नेऊन नेहमीच्या फांदीला टांगली. खाली वाळलेला गुलाब होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, “भाऊ, मन्हं तोंड जळो.”

चाचा म्हणाले, “तोंड कसाले जळो, माय? बठ. हात कोठे धुशी?”

मग घरी जाऊन तिने डोक्यावरून पाणी घेतलं, तेही मी पाहिलं. पण आधी काय पाहिलं ते मी विसरले नाही, आणि गल्लीही विसरली नाही. कापडवाला चार दिवसांनी स्वतः बोलवायला आला. त्या उन्हाळ्यात कुंभाराकडे एक फुटकं मडकं शिल्लक राहिलं नाही. घरोघरी बायकांनी मडकी पुरली, कोणी मोगऱ्याशी, कोणी वांग्याच्या रोपाशी. सोनामायने लिंबोणीशी तीन पुरली आणि दर आठवड्याला चाचांना बोलावून बरोबर आहे ना, ते विचारलं.

मी गुलाबाबद्दल क्षमा मागायला गेले. चाचांनीच माझी सुटका केली. म्हणाले, “झाड गयं. पन ती जर ऱ्हाती, तर तिनी बी हाईच करतं.” त्या जागी त्यांनी दुसरं काही लावलं नाही. मशक मात्र पुन्हा तिथेच टांगू लागले. थेंब मातीत पडत राहिले.

पुढे सात-आठ वर्षं आमचा शेजार राहिला. माझ्या अंगणात अबोलीही रुजली. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी ठेवायला चाचांनी मोगऱ्याची ओंजळ भरून पाठवली. मग त्यांचा तो खाली गेलेला खांदा एकदम कामातून गेला. भरलेली मशक उचलेना. जुलेखा लग्न होऊन चिंचपाड्याला होती, ती त्यांना न्यायला आली. जाण्याआधी चाचांनी झाडांची कलमं गल्लीत वाटली, तीही माणूस बघून. विसराळू होती तिला कण्हेर, कारण कण्हेर विसरलेलं सहन करते. सोनामायला जाई दिली. म्हणाले, “तुले बोलाले कोनी तरी पाहिजे, नि ही भिंतवर चढीसन आयकस.” मला मोगरा दिला. कारण सांगितलं नाही.

नंतरच्या आषाढात मी आगगाडीने चिंचपाड्याला त्यांना भेटायला गेले. सागाच्या जंगलाकडेची हिरवी वस्ती, पाण्याची ददात नाही. चाचा खाटेवर होते. खूप वाळले होते. जुलेखाने चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांनी मला विचारलं,

“बाई, तुमना गावले समुद्र शे ना? मी देखेल नही. केवढा व्हई?”

मी सांगितलं. पलीकडचा काठ दिसत नाही म्हटलं तेव्हा ते डोळे मिटून बराच वेळ अंदाज घेत राहिले. मग एकदम विचारलं, “नि त्यावर बी पाऊस पडस?”

“पडतो की. धो धो पडतो.”

त्यांच्या कपाळावर आठी पडली. जन्मभर एकेक थेंब जपलेल्या माणसाला ही उधळपट्टी खुपली असावी, असं मला वाटलं. मी त्यांची समजूत घालायला काही बोलणार होते. पण चाचांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, आणि ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

“पडू दे. सगळास्ले तो समुद्र देस. मंग त्याले बी कोनी तरी देवाले पाहिजे ना.”

श्रावणात ते गेले. जुलेखाचा निरोप मला पोचला तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. पुढच्या वर्षी पावसाळ्यात मी मुद्दाम रजा काढून माझ्या गावी गेले, आणि छत्री मिटून किनाऱ्यावर उभी राहिले. समुद्रावर पाऊस कोसळत होता. लहानपणापासून पाहिलेलं ते दृश्य, पण त्या दिवशी प्रथमच मला त्या पाण्याची किंमत कळली.