एका ओट्यावर दोन चुली

मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा आमचं घर पर्वत पाटियाजवळच्या खाडीच्या काठावर होतं. पत्र्याचं, दोन भागांचं. पुढच्या भागात सासूबाई, आमचे हे आणि मी. मागच्या भागात भाड्याने राहणारं एक वऱ्हाडी जोडपं, त्यांच्या दोन लहान मुलींसह. तो गवंडीकाम करायचा आणि ती त्याच्याच हाताखाली पाट्या उचलायची. आमचे हे लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवायचे. मी घरी साड्यांना लेस लावायचे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. शहर झपाट्याने बदलत होतं, रस्ते रुंद होत होते. खाडीकाठची वस्ती उठवायची असं ठरलं. महापालिकेची माणसं आली, दारादारांवर रंगाने नंबर टाकून गेली. आमच्या दोन भागांना दार एकच, म्हणून नंबरही एकच पडला. पुढे कळलं की ज्याला नंबर त्याला कडोदऱ्याच्या बाजूला जागा. म्हणजे बांधलेला ओटा, मागे संडास आणि गल्लीला एक नळ. भिंती ज्याच्या त्याने उभ्या करायच्या. त्या वर्षीच्या बजेटमध्ये भिंतींसाठी पैसाच नव्हता.

भाडेकरूंना मात्र काहीच नव्हतं.

ही बातमी गवंड्याच्या बायकोनेच आम्हाला सांगितली. ती रडली नाही. "आमी पाहून घेऊ कुठंतरी," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. पण त्यांच्यासारखी माणसं कुठे जातात ते आम्ही पाहिलं होतं. एखाद्या इमारतीचं काम चालू असेतो तिथेच आडोसा करायचा, काम संपलं की भांडी उचलायची. लोकांची घरं बांधून देणाऱ्या माणसाच्या मुली रस्त्याच्या कडेला झोपायच्या.

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच लुगडं बदलून तयार झाल्या. मला म्हणाल्या, "चाल. तुले गुजराती येस." त्या जन्मभर अहिराणीच बोलल्या. मीही तशी धुळ्याकडची, पण शाळा शिकलेली, आणि शेजारणींमुळे गुजराती पटकन उचललेली.

महापालिकेच्या ऑफिसमधले साहेब वयस्कर होते, वागायला सभ्य. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि भाडेकरूंचं काय, असं मी विचारल्यावर सरळच बोलले. "बेन, मंजूर झालेल्या पैशात जेवढे ओटे होतात तेवढेच होणार. भाडूतांना धरायचं तर सगळ्यांचे ओटे अर्धे करावे लागले असते. वरती तशी चर्चाही झाली होती. मग ठरलं, ज्याचं घर त्यालाच द्यायचं."

मी सासूबाईंना ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आमना अर्धा करी टाका म्हना."

मी ते गुजरातीत सांगितलं, पण मनात हिशोब चालूच होता. ओटा अर्धा म्हणजे माझा संसारही अर्ध्याच जागेत. साहेब म्हणाले, "कागदावर अर्धा करता येणार नाही. पण तुमच्या ओट्यावर तुम्ही कोणाला ठेवता, ते बघायला मी येणार नाही."

घरी येऊन सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आपला ओटावर दोन चुला मांडसूत. जागा पुरी जाई." आमचे हे म्हणाले, "पुरेल. आई म्हणते तर पुरेल."

अडलं ते गवंड्याच्या बायकोपाशी. "आमाले फुकटात नाई राहाचं, बाई. आधी भिंती बांधू, मंग राहू. भाडंही नाई, उपकारही नाई."

सासूबाईंना ते आवडलं. त्या दिवसापासून त्या तिला लेकीसारखं रागवायलाही लागल्या.

वस्ती तुटली ती थंडीत. आम्ही टेम्पोत पत्रे, भांडी, माझं शिलाई मशीन भरलं आणि निघालो. नव्या जागी नुसते ओटेच ओटे, रांगेने. वारा अडवायला काही नाही. आम्ही बांबूंना जुनं कापड बांधून त्यात राहिलो. गवंड्याने सगळ्यात आधी ओट्याच्या मधोमध भिंत घातली, मग चारी बाजूंच्या. मी आणि त्याची बायको माल कालवायचो, पाट्या द्यायचो. भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा कसा धरायचा ते तिने मला शिकवलं. आमच्या भिंती बघून शेजारचे आले. तुमची भिंत आणि आमची भिंत एकच धरा, विटा वाचतील, असं गवंड्यानेच सुचवलं. पाहता पाहता गल्लीतली सगळी घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. उभं राहायला बांबूचं पायाड बांधणारी, विटा झेलणारी, सगळी आमचीच माणसं. खानदेशी, वऱ्हाडी, दोन-चार मराठवाड्याकडची.

घर अडचणीचं होतं, ते खोटं कशाला सांगू? पाहुणा आला की आमच्या ह्यांना बाहेर झोपावं लागे. दोन्ही चुली पेटल्या की धुराने डोळे चुरचुरत. पाण्यावरून मी आणि गवंड्याची बायको भांडलोही. पण त्या घरात मला कधी लाज वाटली नाही.

सासूबाईंनी ऑफिसची वाट सोडली नाही. आता त्या इतर भाडेकरू बायकांनाही बरोबर नेत. पुढे एका वर्षीच्या बजेटमध्ये भाडेकरूंसाठी वेगळे ओटे धरले गेले. ते आमच्या फेऱ्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, शहरात आणखीही पुष्कळ लोक मागत होते. पण आम्ही मागणाऱ्यांत होतो. आम्हाला आधी नाही म्हणणाऱ्या त्याच साहेबांनी आपल्या हाताने गवंड्याला त्याचा ओटा दाखवला.

त्याचं घर बांधायला सगळी गल्ली गेली. त्याला एक वीटही एकट्याने उचलावी लागली नाही. घर झाल्यावर त्याच्या बायकोने आम्हाला जेवायला बोलावलं. मी वाढायला उठले, तर तिने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आज तू पाव्हणी," ती म्हणाली. "माह्या घरी आलीस."

सासूबाई पदर सावरून पाटावर बसल्या आणि पोटभर जेवल्या.