नमुन्यावरचं कुंकू

थिनरचा बोळा हातात घेऊन मी पंप पुसणार, तेवढ्यात आबा केबिनमधून ओरडले, "मॅडम, ते कुंकू पुसू नका."

"आबा, हा पंप चीनला चाललाय. तिकडच्या लोकांना वाटेल डाग पडलाय."

"पूजेचं हाय ते. नवीन कामाला हात घालायचा आन् पहिल्यांदा कुंकू पुसायचं? काय बी करता राव."

मी बोळा खाली ठेवला. मालकाशी कुंकवावरून वाद घालायचा नसतो, एवढं शिरूरच्या नोकरीत माझ्या ध्यानात आलं होतं. पंप तसाच थर्माकोलमध्ये बसवला आणि कुरिअरवाल्याच्या ताब्यात दिला.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आमची कंपनी पाठीवर अडकवायचे फवारणी पंप विकायची. आबा म्हणजे आमचे मालक, मांडवगण फराट्याचे, घरची बागायत सांभाळून धंद्यात उतरलेले. मी परचेसला होते. कुठली वस्तू कुणाकडून आणि कशी घ्यायची, हे बघायचं माझं काम. पंपाची पांढरी प्लॅस्टिकची टाकी एकाकडून यायची, पाइप दुसऱ्याकडून, वॉशर तिसऱ्याकडून. हे सगळं यवतला बिरूआप्पांच्या शेडमध्ये जायचं. तिथं आप्पा आणि गावातल्या आठ-दहा बायका पंप जोडायच्या, पाणी भरून दाब बघायच्या आणि खोक्यात घालायच्या.

आप्पांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आप्पा स्वतः एका वर्कशॉपमध्ये हेल्परी करत काम शिकले आणि पुढे त्यांनी आमच्या भरवशावर ही शेड टाकली. दुसऱ्या कुणाचं काम ते घेत नसत. नवीन मॉडेल आलं की पहिला पंप स्वतः जोडायचा आणि कुंकवात अंगठा बुडवून टाकीवर उमटवायचा, हा त्यांचा नेम. अंगठ्याला कायम ग्रीस असायचं, त्यामुळे ते कुंकू असं काही बसायचं की पाण्यानं निघायचं नाही. अंगठ्यावर लहानपणी विळा लागल्याची तिरपी खूण होती. तीही उमटायची.

चीनची गोष्ट पुण्यातल्या एका एजंटानं काढली. एजंट म्हणजे तिकडचा कारखाना शोधून देणारा, भाव ठरवणारा, माल जहाजात चढेपर्यंत मागे लागणारा माणूस. आम्हाला नुसते सुटे भाग जमवायला जो खर्च यायचा, तेवढ्यात तिकडून तयार पंप बंदरावर येत होता. हिशोब आबांनी दोनदा मला करायला लावला. उत्तर तेच आलं. दुसऱ्या कंपन्यांनी आधीच सुरुवात केली होती. आम्ही गेलो नसतो तर दोन-तीन सीझनमध्ये बाजारातून उठलो असतो. आजही मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही.

एजंटनं सांगितलं, आधी गोल्डन सॅम्पल पाठवा. म्हणजे एक असा नमुना, की जो दोन्हीकडे प्रमाण मानायचा. कारखाना त्याच्याबरहुकूम माल काढतो आणि भांडण झालं तर तोच पुढे ठेवतात. नमुना अर्थातच उत्तम हवा. आणि उत्तम पंप जोडणारा माणूस आमच्याकडे एकच होता.

"आप्पांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"प्रदर्शनाला पाठवायचाय म्हणा," आबा म्हणाले.

"खरं सांगू या ना."

"मी सांगतो. घरचा माणूस हाय. असं फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ती."

प्रदर्शनाचं आबांनीच सांगितलं. आप्पा खूश. त्यांनी वॉशर निवडून घेतले, पट्ट्यांची शिवण दोनदा उसवून पुन्हा घालायला लावली. प्रदर्शनाचा म्हणून याही टाकीवर कुंकवाचा अंगठा उमटवला. पंप घेऊन स्वतः आले, चहा प्यायले आणि आबांना म्हणाले, "नाव निघंल बघा आपलं." मला तिथं बसवेना. काहीतरी निमित्त काढून मी स्टोअरमध्ये गेले.

नमुना पोचल्यावर तिकडून प्रश्नांची ई-मेल सुरू झाली. पट्ट्याचा रंग हाच का? झाकणाचे आटे असेच का? एजंटनं मला बजावलं होतं, की फाटे फोडू नका, एकच लिहा: सगळं हुबेहूब नमुन्याप्रमाणे, काहीही बदलायचं नाही. मी तसंच लिहिलं. आमच्या बाकीच्या व्हेंडरांना असं कधी लिहावं लागलं नव्हतं. त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, "हे जरा वाढवा, ते काढून टाका," म्हणायचं, की झालं. समुद्रापलीकडच्या माणसाला मात्र लिहिलं तेवढंच कळतं.

तिकडे साचे तयार होत होते तेव्हा आप्पांचा मला फोन आला. "म्याडम, भोसरीकडचे पंखेवाले आल्ते. त्यांना जोडणीला शेड पायजे. आपलं पुढच्या सीझनचं काम हाय ना नक्की? त्यांना शनवारपतुर सांगायचंय."

"आप्पा, पंख्याचं काम घ्या तुम्ही," मी म्हणाले.

"आन् पंप कवा जोडायचे मग?"

"आबांशी बोला एकदा. पण काम घ्या."

ते हसले. "तुमी नवीन हायसा अजून. आबांचा माल ठिवून दुसऱ्याचा जोडायचा व्हय?"

फोन ठेवून मी तडक केबिनमध्ये गेले. आबांना सगळं सांगितलं. शनिवारच्या आत आप्पांना कळलं तर शेड वाचेल, नाहीतर त्यांच्या हातून आपलंही काम जाईल आणि पंख्याचंही. आबांनी लगेच गाडी काढली. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बोललात का?"

आबा टेबलावरचे कागद सारखे करत बसले. "अहो, गेलो तर त्यांनी कोंबडं कापलं. म्हातारीनं भाकरी थापल्या. पोटभर जेवलो. त्यांच्या ताटात जेवून उठायचं आन् तोंडावर सांगायचं का, की तुमचं काम बंद? माझी जीभच उचलंना."

"मग काय सांगितलंत?"

"ते इचारत होते काम हाय ना म्हणून. मी म्हणलं, काम कुठं जातंय."

मला रडू यावं का संताप, कळेना. बोललेही थोडं. आबा म्हणाले, "जाऊ पुन्हा सोमवारी." शनिवारी आप्पांनी पंखेवाल्यांना नकार कळवला.

कंटेनर आला तो दिवस मला लख्ख आठवतो. पहिलं खोकं फोडलं आणि गोडाऊनमधली पोरं हसायला लागली. पांढऱ्या टाकीवर, कंपनीच्या नावाच्या वर, लाल अंगठा छापलेला. दुसरं खोकं, तिसरं खोकं, सगळीकडे अंगठा. विळ्याच्या तिरप्या खुणेसकट. हुबेहूब नमुन्याप्रमाणे. तिकडच्या माणसांनी काम चोख केलं होतं.

आबा हसले नाहीत. "हे पुसता येतंय का बघा," एवढंच म्हणाले. येत नव्हतं. सीझन तोंडावर होता, दुकानदार मागं लागले होते. माल गेला.

आठवड्याभरात आप्पा आले. चौफुल्याहून एसटी बदलत, काखेत एक पंप घेऊन. यवतच्या खताच्या दुकानदारानं त्यांना हाक मारून सांगितलं होतं, "आप्पा, तुमचा नवा माल आलाय की." त्यांनी पंप आबांच्या टेबलावर ठेवला आणि छापाच्या शेजारी आपला अंगठा टेकवला.

"ह्यो माझा हाय ना, आबा?"

आबांनी मान खाली घातली. "आप्पा, मी सांगणारच होतो."

"जेवाय आला तवा का न्हाई सांगितलं?"

"तोंड झालं न्हाई."

आप्पांनी अंगठा काढून घेतला. त्यांचा आवाज चढला नव्हता. "कामं जात्यात. मेंढरं बी गेली आमची. त्येचं काय न्हाई. चीनला धाडायचाय म्हणला असता तरी मी असाच जोडून दिला असता. तुमच्यासाठी पंखेवाल्याला माघारी लावला, आबा. त्यो आता दुसऱ्याच्या शेडमधी गेला."

"तुम्ही इथं या ना. गोडाऊन सांभाळा. सुपरवायझर करतो तुम्हाला."

"ह्येच पंप मोजायला?" आप्पा म्हणाले आणि उठले. चहा आला होता. त्यांनी घेतला नाही. इतक्या वर्षांत आमच्याकडचा चहा त्यांनी पहिल्यांदा नाकारला. मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. तिथं ते म्हणाले, "तुमी सांगत व्हता. मीच ऐकलं न्हाई." त्यांनी मला असं निर्दोष सोडलं याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पंप चांगले निघाले. कंपनी वाढली. यवतची शेड एका मांडववाल्यानं सामान ठेवायला घेतली. बायका पुन्हा खुरपायला जाऊ लागल्या. पंख्याचं काम ज्या शेडमध्ये गेलं होतं, तिथंच पुढे आप्पा रोजावर पंखे जोडायला लागले. आबा त्यानंतर यवतला थांबले नाहीत. मांडवगणहून पुण्याला जाताना यवतवरून जाणारा सोलापूर रोड टाळून नगर रोडनंच जायचे.

आता मी निवृत्त आहे. बाहेरून माल बनवून घेऊ पाहणारी तरुण मंडळी सल्ला विचारायला येतात. एजंट कसा पारखावा, नमुना कसा पाठवावा, माल निघण्याआधी तपासणी कुणाकडून करून घ्यावी, सगळं मी सांगते. त्याआधी एक विचारते, की सध्या हे काम तुम्हाला कोण करून देतंय, आणि त्यांना हे सांगितलंय का?

"सांगू की," असं बहुतेक जण म्हणतात.

मी टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवते.