लिंगपूजेआधीच्या चुळा

माझ्या लेकानं डॉक्टरला मारलं तेव्हा माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता. म्हणून मला बोलता आलं न्हाई, असं मी पुढं लोकांना सांगायची. खरं म्हणजे मी भ्याले होते.

नांदेडला माझ्या काळजात स्प्रिंग बसवलेली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू. पुढं दाढ पडली, तिथं लातूरच्या दातांच्या डॉक्टरनं जबड्यात स्क्रू बसवला. लोहा गावाकडचा, तरणाच होता. आधी नांदेडला फोन लावून त्यानं सगळं इचारून घेतलं. म्हणाला, "आजी, गोळी बंद करायची न्हाई. मी हिरडी नीट शिवलीय. पण उद्या दिवसभर चूळ भरायची न्हाई. रक्ताची गाठ तिथं धरू द्या."

"हाव," म्हणाले मी.

सकाळी अंघोळ करून पूजेला बसले. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. तोंडात रक्ताची चव, अन् देवाला हातावर कसं घ्यावं? मोरीत जाऊन खळाखळा चुळा भरल्या. एक तांब्या, दोन तांबे. दुष्काळाचं साल, आठवड्यानं टँकर यायचा. सून म्हणाली, "आत्या, पाणी सांडून राहिलात व्हय?" तरी पाणी साफ येईस्तोवर मी थांबले न्हाई. पूजा झाली अन् तोंड भरून आलं. पदर भिजला, पोलकं भिजलं, फरशीवर थारोळं. गोळीचं रक्त ते, थांबतंय कशाला!

लेक नुकताच गावाकडच्या मोर्चातून आला होता. नवा जिल्हा पाहिजे म्हणून ओरडून गळा बसलेला, डोकं आधीच तापलेलं. मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं औषधाचा बोळा दाबला. "आजी, चूळ भरली का?"

मी लेकाकडं बघितलं, अन् न्हाई म्हणून मुंडी हलवली.

"मग ह्याच्याच हातानं झालं!" लेकानं त्याची कॉलर धरली. खाडकन मुस्काटात दिली. डॉक्टर ट्रेवर आदळला, चिमटे, सुया सगळ्या खोलीभर. ओठ फाटला. "माझ्या मायला मारतो का रे, भाड्या?" म्हणत पोटात लाथ घातली, अन् लोखंडी स्टूल उचललं. डॉक्टरनं डोक्यावर हात घेतले.

मी बोळा उपसून फेकला.

"ठेव ते खाली! मी भरल्या चुळा! त्यानं नको म्हणून सांगितलं होतं!"

बोलता बोलता रक्त लेकाच्या शर्टावर उडालं. स्टूल तसंच वर.

"मग आत्ता न्हाई का म्हणलीस?"

"तुला भ्याले."

त्यानं स्टूल ठेवलं. हळू न्हाई, आपटूनच.

दुसरा कुणी असता तर आम्हाला रस्त्यावर काढलं असतं. ह्यानं बाहीनं ओठ पुसला, हातमोजे बदलले. "तोंड उघडा आजी. आता बोललात तर मीच मारीन." बोळा बसवला अन् लेकापुढं एक हातमोजा धरला. "जोर बक्कळ हाय ना? घाला. अंगठा इथं. अर्धा तास हलायचं न्हाई."

लेकानं अंगठा माझ्या हिरडीवर दाबून धरला. डॉक्टरच्या ओठाचं रक्त कधीच थांबलं होतं, माझं झिरपतच होतं.

"डॉक्टरसाहेब, माझं..." लेक बसलेल्या गळ्यानं म्हणू लागला.

डॉक्टर खाली वाकून चिमटे गोळा करत होता. वर न बघताच म्हणाला, "दाबा."