जिंतूरचा डोंगर आणि कोंडवाड्यातली मेंढरं

परभणीला बदली झाल्यावर सुधाकररावांनी पहिली तक्रार केली ती उन्हाची नाही, पाण्याची नाही, तर डोंगर नसल्याची. सुधाकरराव म्हणजे माझे यजमान, नाशिककडचे, बँकेत नोकरीला. लग्नाआधी त्यांनी सह्याद्री पालथा घातला होता आणि लग्नानंतर तो रोज मला ऐकवला. शेवटी बँकेतल्या कुणीतरी जिंतूरकडे डोंगर आहेत असं सांगितलं आणि माझी सुटका झाली. गौरी-गणपती उरकल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कधी बंद पुकारला जाईल आणि एसटी डेपोतच उभी राहील याचा नेम नसायचा, म्हणून आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी करून आलो होतो.

झरी, बोरी करत गाडी जिंतूरला पोचते. रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळी जमीन, कापूस आणि निसवायला आलेली ज्वारी. जिंतूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली, वर तळलेली मिरची. तिथून पुढं पायथ्याच्या गावापर्यंत दुसरी गाडी. तिकिटाला फार पैसे पडत नाहीत, वाट पाहण्यात मात्र निम्मा दिवस जातो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा घरूनच नेला होता. तुम्हीही न्या, वर काही मिळत नाही.

डोंगर सुंदर आहेत. बुटके, पण पावसानंतर असे हिरवे की बघत राहावं. उतारावर मेंढरं चरत होती आणि एका घळीतून ओढा खाली कोसळत होता. "याला आमच्याकडे टेकाड म्हणतात," असं म्हणत सुधाकरराव साध्या चामडी चपलांनिशी त्या ओल्या कातळावरून घळीत उतरायला लागले. मी अडवायला हवं होतं. माझ्या हातात भावाचा कॅमेरा होता, आणि मी म्हणाले, "अजून जरा खाली जा, मागं पाणी छान येईल."

ते गेले आणि घसरले. खाली एका अरुंद कपारीवर अडकले, पाय मोडला. त्याखाली घळ आणखी खोल होती. मी किंचाळले तसा मेंढरं राखणारा मारोती हातातली काठी टाकून पळत आला. त्याची बायको गयाबाई वाड्यावरून, म्हणजे त्यांच्या मुक्कामावरून, मेंढरांच्या जाळीचा दोर घेऊन आली. मारोती दोराला धरून कपारीवर उतरला, आणि शेजारच्या शेतातल्या माणसांनी दोघांना वर ओढलं. मग बाजेवर घालून त्यांनी यांना गावापर्यंत खांद्यावरून आणलं. सारा वेळ सुधाकरराव त्यांना बाज सरळ धरा म्हणून सांगत होते.

गावात पोचलो तर निराळीच गडबड. तिकडं सगळे घळीत असताना मेंढरं उभ्या ज्वारीत शिरली होती. शेतवाल्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं रीतीप्रमाणे सगळा कळप हाकून गावच्या कोंडवाड्यात घातला होता. दंड आणि पिकाचं नुकसान भरल्याशिवाय जनावर सुटत नाही. आणि कळपातल्या बऱ्याच मेंढ्या दुभत्या होत्या, पिल्लं मागं वाड्यावर.

गयाबाई माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, वाचवल्याचं आमी काई मागत न्हाई. तेवढं कोंडवाड्याचं बघा. पिल्लं सकाळधरनं उपाशी हायेत, वरडायलेत."

मी सुधाकररावांकडे पाहिलं. त्यांच्या खिशात पैसे होते, मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "मी काय मेंढरांना ज्वारीत जा म्हणालो होतो? आणि माणुसकीचे पैसे घेतात का कुणी?" मग दहाची एक नोट काढून सगळ्यांनी चहा घ्या म्हणाले. नोट कुणी हातात घेतली नाही. कळपातली एक चांगली मेंढी शेतवाल्याला देऊन, दंडासाठी कुणाकडून तरी उसने घेऊन मारोतीनं कळप सोडवला. मेंढरं बाहेर येताना मी मान खाली घालून बाजेशेजारी उभी होते. त्या वेळी तोंड उघडलं नाही याची लाज आजही माझा पिच्छा सोडत नाही.

परभणीत प्लॅस्टर घातलं आणि घरी माणसांची रीघ लागली. सुधाकररावांच्या गोष्टीत ते जवळजवळ स्वतःच वर चढून आले होते, मेंढपाळानं नुसता हात दिला होता. मी चहाचे कप ठेवायची आणि आत निघून जायची.

काही दिवसांनी घरखर्चातून बाजूला टाकलेले पैसे घेऊन मी एकटीच पुन्हा तिकडे गेले. गयाबाई वाड्यावर भेटली. आधी साहेबांच्या पायाचं विचारलं, मग पैसे मोजून घेतले, जास्तीचे परत केले. मला वाटलं, चला, फिटलं. निघताना ती सहज म्हणाली, "बरं केलं आणून दिलं. पर आता ह्यांनी ठरवलंय, ताई. कुणी हाक मारली तर आधी मेंढरं वाड्यात घालायची, मग जायचं."

वाड्यापासून घळ किती लांब आहे ते मी पाहिलं होतं.

घरी परतले तर बँकेतले एक जण बसले होते. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन त्याच घळीत जायचा त्यांचा बेत ठरत होता. सुधाकरराव प्लॅस्टरचा पाय स्टुलावर टाकून सांगत होते, "काळजी काय करायची? मेंढपाळ असतात तिथं. हाक मारली की धावत येतात."

"आता धावत येणार नाहीत," मी दारातूनच म्हणाले. "आधी मेंढरं कोंडतील, मग येतील. आपण त्या दिवशी दंड भरला नाही म्हणून."

पाहुण्यांनी बेत रद्द केला. डोंगराची गोष्ट सुधाकररावांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही.

जिंतूरला जरूर जा, पावसानंतरच जा. पण त्या घळीत पाय घसरला आणि हाक मारूनही कुणी लवकर आलं नाही, तर तिथल्या माणसांना नावं ठेवू नका. तो उशीर आम्ही करून ठेवलाय.